चौदा नंबरचे हात

चौदा नंबर म्हणजे कोण, हे आमच्या कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. मालकाला माहीत होतं, पॅकिंगच्या पोरींना माहीत होतं, जेवणाच्या सुट्टीत पायात घोटाळणाऱ्या मांजरीलासुद्धा माहीत असावं. फक्त आघाडीवरच्या लोकांना माहीत नव्हतं, आणि नेमकी त्यांनीच चौकशी केली.

आमचा कारखाना म्हणजे कोलोमिया गावातली मोज्यांची जुनी गिरणी. मोजे बंद पडून कैक वर्षं झाली. युद्धाच्या पहिल्या वर्षी आमच्या मालकाने, सेवेरिनने, तिचं तळघर भाड्याने घेतलं आणि पाच बायकांना घेऊन ड्रोनच्या मोटरी जोडायला बसला. तेव्हा सगळा माल चीनहून यायचा, आपल्याकडे नुसती जुळणी. मग चीनने हात आखडता घेतला, आणि राजधानीतून सांगणं आलं की मोटर इथलीच पाहिजे, आणि भरपूर पाहिजे. सेवेरिन तळघरातून वरच्या मजल्यावर आला, मग त्याच्याही वरच्या. पाचाच्या साठ बायका झाल्या. लोहचुंबक अजून चीनचेच आहेत, पण ते पाहुण्यांसमोर बोलायचं नाही.

काम सांगायला सोपं आहे. अक्रोडाएवढा लोखंडी गाभा, त्याला बारा दात. प्रत्येक दाताभोवती तांब्याची तार गुंडाळायची, वेटोळ्याला वेटोळं चिकटून. तारेवर तार चढली की मोटर तापते, तापली की जळते, आणि जळली की ड्रोन खाली. तार भरायचं यंत्र येतंय, येतंय म्हणून आम्ही म्हातारे व्हायला आलो. तोवर हातच. वीज गेली तरी कपाळाला दिवा बांधून चालू. भरून झालेल्या प्रत्येक मोटरीवर ज्याने भरली त्याच्या नंबराची चिकटी लागते. माल परत आला तर सेवेरिन थेट तुमच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो, आणि काही बोलत नाही, हे फार वाईट.

माझा नंबर नऊ. शेजारच्या स्तेफामावशीचा अठरा. आणि चौदा नंबर तिच्या मुलाचा, झेनिकचा. निदान कागदावर.

झेनिक आधी पावाची गाडी चालवायचा. सत्तावीस वर्षांचा, अंगाने दणकट, स्वभावाने गरीब. कारखाना मोठा झाला तसा कारखान्याला ‘अत्यावश्यक’ असा शिक्का मिळाला, आणि त्या शिक्क्यामुळे आमच्या पुरुष कामगारांपैकी अर्ध्यांना लष्करभरतीतून सूट देऊन राखीव ठेवता येऊ लागलं. राखीव माणसाला भरतीवाले रस्त्यातून उचलत नाहीत. बाकीच्यांनी दुकानात जातानाही गल्लीबोळ बघून जायचं. स्तेफामावशीने सेवेरिनचे पाय धरले म्हणतात. मी पाहिलं नाही, पण मला खरं वाटतं. तिचा थोरला, मार्को, बाख्मुतच्या लढाईत गेला. चौकातल्या शहिदांच्या फोटोंच्या रांगेत तो आहे, आणि मावशी कामावर येताना लांबच्या रस्त्याने येते, म्हणजे तो चौक लागत नाही.

सेवेरिनने झेनिकला घेतलं, पण अट घातली. नावापुरता माणूस मला नको, तपासणी आली तर माझं दुकान बंद होईल. राखीव माणूस टेबलाशी बसला पाहिजे आणि त्याच्या नंबराचा माल महिन्याच्या महिन्याला पूर्ण निघाला पाहिजे. कमी पडला की नाव राखीव यादीतून खाली.

झेनिक बसला. त्याच्या बोटांकडे बघूनच आम्ही समजलो. तार त्याच्या हातात राहीच ना. पहिल्या आठवड्यात त्याने जेवढ्या भरल्या तेवढ्या तपासणीच्या टेबलावर जळाल्या. तेव्हापासून तो दिवसभर खोकी उचलायचा, जनरेटर दुरुस्त करायचा, आम्हाला चहा आणून द्यायचा, आणि त्याच्या नंबराच्या मोटरी स्तेफामावशी भरायची. स्वतःचा हिशेब उरकून, जेवणाची सुट्टी सोडून, कधी घरी नेऊन.

सगळे गप्प. मीही गप्प. पण माझं गप्प बसणं चांगलं नव्हतं. माझा नवरा यूर्को दोन वर्षं पायदळात आहे, जमिनीतल्या बिळात. त्याचा फोन आला की मी ऐकते, नाही आला की कॅलेंडरकडे बघत नाही. आणि माझ्या शेजारी एक धडधाकट पोरगा चहाचे कप गोळा करतोय.

“झेनिक, साखर कमी पडली बघ,” मी म्हणायची. “आघाडीवर जास्त पाठवलीस की काय?”

तो कानापर्यंत लाल व्हायचा आणि साखर आणायचा. मावशी मान वर करायची नाही. पॅकिंगमधल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मला बरं वाटायचं, हे मी लपवत नाही.

मग एका सोमवारी सेवेरिन हातात फोन घेऊन जवळजवळ नाचतच आला. एका ब्रिगेडच्या ड्रोन चालवणाऱ्यांनी कळवलं होतं की तुमच्या चौदा नंबरच्या मोटरीसारखी मोटर आम्ही पाहिली नाही. त्यांचा माणूस शुक्रवारी येतोय, चौदा नंबरला भेटायला. शिवाय आवडलं तर ब्रिगेड थेट आमच्याकडूनच मोटरी घेणार. एवढी मोठी मागणी मिळाली तर तिसरा मजला आपला.

“चौदा नंबर?” कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या नजरा झेनिककडे वळल्या. सेवेरिनच्या तोंडावरचं हसू जरा खाली घसरलं. मग तो म्हणाला, “हं. बघू. दाढी करून ये रे झेनिक.”

मावशी त्या दिवशी माझ्याशी बोलली. एरवी आमचं बोलणं तारेपुरतं.

“दार्का, शुक्रवारी तू तेवढी गप्प बस. बाकीच्यांची मला भीती नाही.”

“मी कशाला बोलू?” मी म्हणाले. “माझं काय जातंय?”

“मी त्याच्या मनगटाला पट्टी बांधते. मुरगळलं म्हणून सांगू. येईल, हात मिळवेल, जाईल. पाच मिनिटांचं काम.”

“डाव्या हाताने मिळवायला सांग मग,” मी म्हणाले. ती हसली. मला वाटतं तिला तो होकार वाटला.

शुक्रवारी माणूस आला. आम्हाला कोणीतरी उंच, करारी अपेक्षित होता. आला तो गोलमटोल चेहऱ्याचा, एका पायाने लंगडणारा, तिशीतला. पथकात त्याला वारेनिक, म्हणजे उकडलेली करंजी, म्हणायचे, आणि त्याने स्वतःच सांगितलं की चेहऱ्यामुळे. स्वयंपाकघरवाल्या बाईने खरोखरच वारेनिक केले होते, बटाट्याचे, वर तळलेला कांदा. त्याने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, “म्हणजे मला नातेवाईक खायला लावताय,” आणि सगळा मजला हसला. चांगला माणूस होता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

तो प्रत्येक टेबलापाशी थांबला. नंबर विचारायचा आणि आठवून सांगायचा, जणू आम्ही सगळ्या त्याच्या ओळखीच्या. बावीस? बावीस चांगला, जरा घाईचा. सहा? सहाची मोटर थंडीत मस्त चालते. पोरी लाजत होत्या, खुश होत होत्या. माझ्यापाशी आला.

“नऊ.”

“नऊ...” तो अडखळला. माणूस खोटं बोलायला शिकलेला नव्हता. “नऊ ठीक आहे. नऊ आम्ही जवळच्या उड्डाणांना लावतो.”

“आणि अठरा?” मी मावशीकडे बोट दाखवून विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“अठराही तसाच. वाईट नाही हं मावशी! पण कधी कधी अर्ध्या वाटेत दम सोडतो. आमच्याकडे वेगळं ठेवलंय सगळं. जिथे पडलेलं अजिबात परवडत नाही, तिथे फक्त चौदा. बिळातल्या पोरांना पाणी, औषधं, बॅटऱ्या पोचवायच्या असतात ना, तिथे. जमिनीवरून तर कोणी पोचतच नाही. चौदा नंबरला आम्ही ‘टपालवाला’ म्हणतो.”

एकाच बाईचे हात. लेकाच्या नंबराची मोटर भरताना ती डोळ्यात तेल घालून भरत होती, कारण ती परत आली तर चौकशी होईल. आणि स्वतःच्या नंबराची, जी कोणाच्याही नवऱ्याला पाणी घेऊन जाऊ शकत होती, ती उरलेल्या बोटांनी, उरलेल्या डोळ्यांनी. मला तेवढंच दिसलं. खोटेपणाला सगळी काळजी, आणि माझ्या यूर्कोला उरलंसुरलं.

हे झालं रागाचं एक कारण, आणि सांगायला चांगलं आहे. दुसरं असं की त्याने सगळ्यांसमोर ‘नऊ ठीक आहे’ म्हटलं होतं.

सेवेरिनने झेनिकला पुढे केलं. मनगटाला पांढरी पट्टी, गालावर दाढी करताना कापल्याचा ओरखडा. वारेनिकने त्याला मिठीच मारली.

“म्हणजे तू! अरे, मला वाटलं म्हातारा घड्याळजी वगैरे असेल. हाताला काय झालं?”

“मुरगळलाय,” मावशी म्हणाली.

“बरा होईल. ऐक, मी नुसता आभार मानायला नाही आलो. आमच्या मागे, खूप मागे, घाबरू नको, एक दुरुस्तीचं खोपट आहे. पडलेल्या ड्रोनच्या मोटरी तिथे परत भरतो. भरणारा नाही. तू सहा महिने आलास तर... सक्ती नाही. तू राखीव आहेस, मला माहीत आहे. तुझ्यासारखा माणूस राखीव ठेवायलाच पाहिजे. पण विचारायचं ठरवलं होतं.”

झेनिक जमिनीकडे बघत होता. मावशीने टेबलाची कड धरून ठेवली होती. सेवेरिन म्हणाला, “बघू, बघू, आधी जेवून घ्या.” आणि संपलंही असतं. पाच मिनिटांचं काम खरंच पाच मिनिटांत संपत होतं.

“एक भरून तरी दाखव की पाहुण्याला,” मी म्हणाले. “तुझ्या हाताला पट्टीने काय होतंय, झेनिक? तू तर झोपेतही भरशील.”

कोणीच हसलं नाही. वारेनिक मात्र खुलला. “हो! बघायचीच आहे मला. ही लोकं नेमकं काय वेगळं करतात ते.”

झेनिकने आईकडे पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी पेलला असता. तो नुसता विचारत होता, बसू का, असं. मग त्याने पट्टी सोडली, घडी करून खिशात ठेवली, आणि माझ्याच खुर्चीवर बसला. मी गाभा आणि तार पुढे केली. माझ्या हाताने.

पहिला दात जेमतेम झाला. दुसऱ्यावर तार घसरली. त्याने सोडवली, पुन्हा लावली, तार तारेवर चढली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मजल्यावरच्या साठ बायका आपापल्या टेबलावर नजर खिळवून बसल्या होत्या. तिसऱ्या दातावर तार तुटली. तुटताना टिंग असा बारीक आवाज झाला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

वारेनिकचा चेहरा हळूहळू बदलला. तो मूर्ख नव्हता.

“मीच भरते,” स्तेफामावशी म्हणाली. उठून उभी राहिली, शाळेत गुन्हा कबूल करायला उभं राहतात तशी. “चौदा मीच आहे. ते हात माझे आहेत. तुम्हाला भरणारा हवाय ना? मला न्या. सत्तावन्न वर्षांची आहे, पण डोळे चांगले आहेत. खोपटात राहीन. त्याच्याऐवजी नाही म्हणत मी, तसं समजू नका. तुम्हाला हवेत ते हात हे आहेत.”

“आई, बस खाली,” झेनिक म्हणाला.

मला वाटलं आता वारेनिक ओरडेल, आणि मी ते ऐकायला तयार होते. मला ते हवंच होतं. पण तो लंगडत मावशीपाशी गेला, पिशवीतून निळा-पिवळा झेंडा काढला. त्यावर पथकातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, मधोमध लिहिलं होतं, ‘चौदा नंबरच्या हातांना’. त्याने तो झेंडा तिच्या हातात ठेवला.

“ज्या हातांसाठी आलो होतो, त्यांच्यापर्यंत पोचलो की,” तो म्हणाला. “तुम्ही इथेच बसा मावशी. इथे जास्त भराल.” मग झेनिककडे वळून, अगदी सहज, कुठलाही टोमणा न मारता म्हणाला, “माझी आई शाळेत भूगोल शिकवायची. तिला हे येत नव्हतं, नाहीतर तिनेही माझ्यासाठी भरल्या असत्या.”

सेवेरिन त्याला जेवायला घेऊन गेला. वारेनिकने वारेनिक खाल्ले, बाईंची स्तुती केली, मागणी पक्की केली, आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तुम्हाला वाटत असेल, दुसऱ्या दिवशी झेनिक भरती कार्यालयात जाऊन उभा राहिला. मलाही तसंच वाटत होतं. रात्रभर मी पडल्या पडल्या तेच डोळ्यासमोर आणत होते, आणि कोणाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. तो नाही गेला. तो वेळेवर कामावर आला, खोकी बाजूला सारली आणि माझ्यापाशी खुर्ची ओढून बसला. आईपाशी नाही.

“दार्काताई, मला शिकवा.”

“तुझी आई आहे की.”

“ती माझ्याकडून तार काढून घेते.”

शिकवायला लागले. दगडाला शिकवणं सोपं. पण त्याने पुन्हा साखर आणली नाही, चहा केला नाही, जागेवरून उठला नाही. बोटं कापली, पट्ट्या बांधल्या, या वेळी खऱ्या. दहातली एक मोटर तपासणीत टिकायला लागली, मग तीन. मावशी त्या दिवसापासून फक्त अठरा नंबर भरायची. माझ्याशी बोलायची नाही. मी डबा उघडून पुढे केला की म्हणायची, “नको, भूक नाही,” आणि हे शब्द ती अगदी नीट, सभ्यपणे म्हणायची. तो झेंडा तिने लावू दिला नाही. तो तिच्या खणात आहे.

यूर्कोचा फोन आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं, आणि मला वाटलं तो तरी माझ्या बाजूने बोलेल.

“मग आता तो पोरगा काय करतोय?” त्याने विचारलं.

“शिकतोय. माझ्याकडे.”

“नीट शिकव,” यूर्को म्हणाला. “काल ड्रोन पडून आमचं पाणी झाडात अडकलं. दिसत होतं, पण बाहेर पडता येत नव्हतं.” मग त्याने घरातल्या बॉयलरचं विचारलं, आणि फोन कट झाला. माझ्या भांडणात त्याला काडीचाही रस नव्हता.

महिना संपत आला. झेनिकचा माल अर्ध्याच्या आसपास होता. सेवेरिन दोनदा त्याच्या टेबलापाशी येऊन काही न बोलता उभा राहून गेला. मागणी मोठी, नवी माणसं दारात उभी, राखीव जागा मोजक्या. नाव खाली जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. मावशीलाही दिसत होतं. ती तार हातात घ्यायची, चौदा नंबरच्या ट्रेकडे बघायची, आणि तार परत ठेवायची. सगळ्यांसमोर उघडी पडल्यावर ती पुन्हा तेच कसं करणार? आणि तिला उघडं मी पाडलं होतं.

शेवटच्या आठवड्यात मी माझा नऊ नंबरचा हिशेब दुपारपर्यंत उरकायला लागले. उरकायला म्हणजे कसा, ते वारेनिकला विचारा. मग एक गाभा घ्यायची, पाठ जरा वळवून बसायची, आणि भरायची. चौदाची चिकटी लावायची आणि ट्रेमध्ये सोडायची. झेनिकने पहिली मोटर ट्रेमध्ये पाहिली तेव्हा तो थांबला. उचलली, फिरवून पाहिली, आणि परत ठेवली. त्याची मान खाली गेली, ती दिवसभर वर आली नाही. माझीही नाही.

त्या मोटरी तपासायच्या टेबलावर गेल्या तेव्हा मी उगाचच तिथे जाऊन उभी राहिले. पोरीने एकेक लावली, फिरवली, काट्याकडे पाहिलं. “ताई, चौदा पुन्हा पहिल्यासारखा झाला,” ती खुश होऊन म्हणाली. “एकही गरम नाही.” शेजारी माझ्या नऊ नंबरच्या पडल्या होत्या. त्यांतल्या दोन तिने बाजूला काढून ठेवल्या होत्या.

मी परत जागेवर आले. मावशीने माझ्याकडे पाहिलं, तिला सगळं समजलं होतं. काही म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिने तिच्याकडचं तारेचं नवं रीळ उचललं आणि सरकवत माझ्या टेबलावर ठेवलं.